उतरण्याचे ठिकाण

नाटक, कादंबरी, चित्र, फार तर चित्रपट, एवढ्यांचेच परीक्षण करावे आणि खेळ मात्र मुलांच्या हाती सोपवून मोकळे व्हावे, अशी आपल्या टीकाकारांची जुनी रीत आहे. खेळाविषयी बोलणे झालेच तर ते वडीलधाऱ्यांच्या तक्रारीच्या स्वरात होते. टीकेच्या स्वरात होत नाही. परंतु तक्रार आणि टीका यांत भेद आहे. तक्रार करणारा वस्तू पाहत नाही, केवळ तिचा उपद्रव पाहतो. टीका करणाऱ्यास ती वस्तू प्रथम हाती घेऊन पाहावी लागते. अनेकांनी आपापल्या जागी बसून, आपापल्या फोनवरून, एकाच वेळी एकत्र खेळावयाचे जे ऑनलाइन खेळ आज घरोघर शिरले आहेत, त्यांना हाती घेऊन पाहण्याचा हा एका वकिलाचा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखकाचा धंदा नियमांचा अर्थ लावण्याचा. आणि खेळ म्हणजे तरी नियमांवाचून दुसरे काय?

आमचे बुऱ्हाणपूर हे मागांचे गाव आहे. पॉवरलूमच्या गल्लीत पाळी सुटली की ओट्यावर चार तरुण एका रांगेत बसतात. चौघांच्या हाती चार फोन, चौघांच्या माना खाली. तोंडाने मात्र "मागे हो", "डावीकडे बघ", "मला उचल" असे उद्गार चाललेले. चौघे एकाच खेळात, एकाच बाजूने लढत असतात. कीर्तन संपल्यावर मंदिराच्या ओवरीतही हेच दृश्य दिसते. पहिल्या दृष्टीस वाटते, ही मुले एकमेकांपासून तुटली आहेत. थोडे जवळ जाऊन ऐकले म्हणजे कळते, की ती एकत्रच आहेत. पण कोणाच्या अंगणात एकत्र आहेत, हा खरा प्रश्न आहे.

भागवताच्या दशम स्कंधात प्रलंबासुराची कथा आहे. राम-कृष्ण गोपाळांसह दोन पक्ष करून खेळत होते. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यास पाठीवर वाहून न्यावे, असा पण. प्रत्यक्ष श्रीकृष्ण हरला आणि त्याने श्रीदाम्यास पाठीवर घेतले. त्या खेळात गोपाचा वेष घेऊन प्रलंब शिरला होता. तो बलरामास पाठीवर घेऊन निघाला आणि जेथे उतरवावयाचे ते ठिकाण ओलांडून पुढे चालू लागला. त्याचे असुरत्व उघड झाले ते तेव्हा. तोवर त्याच्या खेळात आणि इतर गोपाळांच्या खेळात बाहेरून काहीही भेद नव्हता. वाहून नेणे हा नियमच होता; ठरलेल्या जागी न उतरविणे हा अधर्म होता. खेळ पारखावयाची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. चांगल्या खेळास उतरण्याचे ठिकाण असते.

आपल्या जुन्या खेळांस ते होते. सारीपाटावर समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असत. आपल्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तरी भिडूच्या पोचल्यावाचून डाव जिंकला असे होत नसे. म्हणून पुढे गेलेला खेळाडू कित्येकदा मागे रेंगाळून भिडूची वाट मोकळी करी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची गोष्ट या नियतकालिकाच्या कोकणातील वाचकांस नवी नाही. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, अशी एकशेवीस पाने. आणि रीत अशी, की दिवसा डावाची सुरुवात रामाकडे, रात्री कृष्णाकडे. या रीतीत मला नेहमी एक शहाणपण दिसते. हा खेळ सूर्य मावळला हे जाणतो. खेळणाऱ्याच्या डोक्यावर आकाश आहे, त्यास घरी जावयाचे आहे, याचे भान नियमातच गुंफलेले आहे.

या सारीपाटाच्या कुळातील पचिशी इंग्रजांनी विलायतेस नेली आणि सोपी करून तिचा लुडो केला. १८९६ मध्ये तेथे त्याचे पेटंटही घेण्यात आले. सोपी करताना कवड्या गेल्या आणि फासा आला, हा बदल लहान. भिडू गेला, हा बदल मोठा. लुडोमध्ये चौघे एका पाटाभोवती बसतात, पण प्रत्येक जण स्वतःपुरता. तोच लुडो शतकानंतर फोनवर बसून परत आला. नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीने, विकाश जयस्वाल यांच्या नेतृत्वाखाली, २०१६ मध्ये 'लुडो किंग' प्रसिद्ध केला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो देशाच्या कानाकोपऱ्यात पोचला.

या खेळाविषयी मी कृतज्ञतेने बोलणार आहे. टाळेबंदीत माझी आई बुऱ्हाणपुरात आणि मावशी कुडाळास, अशा दोघी बहिणी दुपारी तीनच्या सुमारास डाव मांडीत. एकमेकींच्या सोंगट्या मारीत, लटक्या भांडत. सायंकाळ झाली की आई म्हणे, "चल, दिवेलागण झाली, उठू या." आणि दोघी उठत. खेळात कलाकुसर फारशी नाही. चित्रे भडक आहेत, डावांच्या मध्ये जाहिराती येतात. परंतु त्याची रचना प्रामाणिक आहे. डाव लहान आहे, त्यास शेवट आहे, जाळे नसेल तर एकाच फोनवर घरातल्या चौघांसही तो खेळता येतो. मात्र हे विसरता कामा नये, की "उठू या" हे शब्द आईचे होते. ते खेळाने म्हटले नव्हते.

आता दुसऱ्या प्रकारच्या खेळाकडे वळू. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'इंडस' हा खेळ भारतात प्रसिद्ध केला. खेळाडूंना एका भूमीवर उतरवावयाचे, शस्त्रे शोधावयास लावावयाचे, रिंगण हळूहळू आवळीत न्यावयाचे आणि अखेर जो उरेल तो विजयी, हा साचा परदेशातून आला. दक्षिण कोरियाच्या पबजीने तो आपल्या मुलांच्या अंगवळणी पाडला. पबजीच्या फोनवरील आवृत्तीवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली. २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने तो खेळ भारतासाठी नव्या नावाने आणला. २०२२ मध्ये तो पुन्हा हटविला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. या येण्याजाण्यात एक जागा रिकामी दिसली. आपलाच असा खेळ का असू नये, या प्रश्नातून 'इंडस'सारखे प्रयत्न झाले, आणि तो प्रश्न योग्य होता.

'इंडस'ची भूमी विरलोक नावाची आहे. भारतीय भूतकाळाच्या आकृती घेऊन भविष्यकाळाचे चित्र रंगवावे, अशी त्याच्या कर्त्यांची भूमिका आहे आणि तीस ते इंडो-फ्युचरिझम म्हणतात. चित्रकाराची मेहनत जागोजागी दिसते. परंतु नक्षी आपली असली म्हणजे वस्तू आपली झाली, हे मला मान्य नाही. मंदिराचे शिखर एखाद्या उपाहारगृहावर बांधले म्हणून तेथे देवता येत नाही. खेळाचा देह चित्रांचा असला तरी त्याचा प्राण नियमांत असतो. आणि म्हणून 'इंडस'मध्ये मला दोन नियमच विशेष विचारार्ह वाटले.

पहिला नियम कॉस्मियमचा. सामन्याच्या अखेरीस कॉस्मियम नावाचे एक मौल्यवान द्रव्य प्रकट होते, आणि ते हस्तगत करणारा, इतर खेळाडू जिवंत असतानाही, सामना जिंकू शकतो. हा बदल वरवर लहान आहे, पण त्यामागे विचार आहे. सर्वांचा संहार केल्यावाचून विजय नाही, हा परदेशी साच्याचा मूळ सिद्धान्त येथे मोडला आहे. सामन्यास संहाराखेरीज दुसरा शेवट मिळाला आहे. नक्षीपेक्षा हे मला अधिक आपले वाटते.

दुसरा नियम 'ग्रज'चा, म्हणजे डूख धरण्याचा. ज्याने आपणांस मारले त्याच्यावर खूण करून ठेवावयाची आणि पुढच्या सामन्यात त्यास गाठून सूड उगवावयाचा, अशी ही योजना आहे. खेळ म्हणून ती चुरस वाढविणारी आहे, यात संशय नाही. एकदा खेळून पाहता मलाही त्या सूडाची गोडी जाणवली, हे कबूल केले पाहिजे. पण ही गोडी कशाची आहे? सामना संपला असे खेळ म्हणतो आणि त्याच श्वासात, तो संपलेला नाही, असेही म्हणतो. सभापर्वातील पहिल्या द्यूतानंतर द्रौपदीच्या वरांमुळे पांडव मुक्त झाले होते. धृतराष्ट्राने सारे परत दिले होते. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेस लागले होते. तेवढ्यात प्रातिकामी धावत आला: पुन्हा खेळावयास बोलाविले आहे. युधिष्ठिर परतला. वनवास पहिल्या द्यूताने आला नाही, या अनुद्यूताने आला. वाटेस लागलेल्या माणसास परत बोलावणे, हीच द्यूताची खरी शक्ती; फासे हे केवळ साधन. कॉस्मियमने जे दार उघडले, ते 'ग्रज'ने पुन्हा ओढून घेतले, असा माझा या खेळावर आक्षेप आहे.

हा आक्षेप मी एका जाणत्यापुढे मांडला. आमच्या शेजारचा एक तरुण पुण्यास खेळ रचण्याचाच व्यवसाय करतो. ज्यांस गेम डेव्हलपर म्हणतात त्यांपैकी एक. कार्तिकात घरी आला असता आम्ही दोघे तापीच्या राजघाटावर बसलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचा सारीपाट विकला की विकणारा मोकळा. आमचा खेळ विकलाच जात नाही, तो फुकट असतो. आणि सर्व्हरचे भाडे मात्र रोज भरावे लागते."

त्याने सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी होती. आमच्या कुंडी भंडाऱ्यात जशा अनेक कुंड्या जमिनीखालच्या एकाच प्रवाहाने जोडलेल्या आहेत, तद्वत् हे सारे फोन दूरच्या एका सर्व्हरला जोडलेले असतात. कोणाची गोळी कोणास लागली, याचा निवाडा फोन करीत नाही, सर्व्हर करतो. कारण फोनवर विश्वास ठेवला तर लबाडी करणाऱ्यांचे फावते. हा न्यायाधीश अहोरात्र जागा ठेवावा लागतो. दुसरे, अनेकांच्या खेळास अनेक लागतात. रात्री दोन वाजता एखाद्याने खेळ उघडला आणि प्रतिस्पर्धीच नसले तर तो पुन्हा येत नाही. म्हणून कित्येक खेळांत यंत्रचलित खेळाडू माणसांच्या नावाने भरले जातात. तिसरे, खेळणाऱ्यांपैकी पैसे देणारे फार थोडे. त्या थोड्यांच्या खर्चावर बाकीचे खेळतात. यास्तव पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी सातव्या दिवशी किती परतले, तिसाव्या दिवशी किती, यावर खेळाचे आयुष्य ठरते.

"म्हणून रोज आलात तर बक्षीस, आणि एक दिवस चुकलात तर साखळी तुटली," तो म्हणाला. "हंगाम संपण्यापूर्वी अमुक मिळवा, नाहीतर गेले. हे सगळे आम्हांला आवडते म्हणून करतो, असे समजू नका."

मी विचारले, "सामना संपल्यावर 'पुन्हा खेळा' याच्या शेजारी तेवढ्याच आकाराचे 'आज पुरे' असे बटण का नसावे?"

तो हसला. "एका कंपनीत असताना मी ते सुचविले होते, काका. बैठकीत कोणी रागावले नाही. 'याने कोणता आकडा वाढेल?' एवढेच विचारले गेले. मजजवळ उत्तर नव्हते."

या तरुणास प्रलंब म्हणणे अन्यायाचे होईल. तो गोपाळच आहे. उत्तम खेळ रचावा, दुरावलेल्या माणसांना एकत्र आणावे, या ओढीने तो या व्यवसायात गेला. परंतु ज्या हिशेबात त्याचा खेळ बसविला आहे, त्या हिशेबास उतरण्याचे ठिकाण परवडत नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ केला. हरवलेल्या भावाच्या शोधास निघालेल्या मुलीची ती कथा. एकट्याने खेळावयाची, विकत घ्यावयाची आणि संपणारी. कथा संपते म्हणून खेळाडू उठतो. अनेकांच्या खेळात कथा नसते, पुढचा सामना असतो. त्यामुळे उठण्याची व्यवस्था कर्त्याने बुद्धिपुरस्सर केली तरच होते. आपोआप होत नाही.

मग कायद्याने ती करावी काय? वकील असल्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. आपल्या न्यायालयांनी खेळाची पारख प्रदीर्घ काळ एकाच कसोटीने केली: कौशल्य की नशीब? मुंबई राज्याच्या कायद्यातून उद्भवलेल्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगारास व्यापाराचे संरक्षण नाकारले, आणि त्या निर्णयात ऋग्वेदातील अक्षसूक्ताचा व महाभारताचाही उल्लेख केला. पुढे १९६७ मध्ये रमी व १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या बाजूस गणल्या गेल्या. या कसोटीचा आश्रय घेऊन पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांचा मोठा धंदा उभा राहिला. लुडोवर पैसे लावणे कौशल्य की नशीब, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने कौशल्य-नशीब हा भेदच बाजूस सारला. पैसे मिळण्याच्या आशेने पैसे लावावयाचा ऑनलाइन खेळ, मग तो कसलाही असो, चालविणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस आणि एक कोटी रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा गुन्हा ठरविला. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ यांना मात्र त्याने मान्यता दिली. कायद्याविरुद्धच्या याचिका आमच्या मध्यप्रदेशासह तीन उच्च न्यायालयांत गेल्या होत्या. त्या सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

पैशाच्या खेळांविषयी संसदेने काळजी वाहिली, हे योग्यच झाले. परंतु आपला समाज पैशाची हानी चटकन ओळखतो. मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंच्या नौकांकडे बोट दाखविणे सोपे आहे. गल्लीतल्या ओट्यावरचा मुलगा पैसा लावीत नाही. तो आपली रात्र लावतो, झोप लावतो, सकाळच्या पाळीचे अवधान लावतो. हा पण कोणत्याही कलमात बसत नाही. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना आठवड्यातून तीनच तास खेळण्याची मुभा ठेवली. आपल्याकडे २०२३ मध्ये क्राफ्टनचा खेळ परतला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तास आणि इतरांस सहा तास अशी मर्यादा घालण्यात आली. सहा तासांनी उठविणे म्हणजे उतरण्याचे ठिकाण नव्हे. ते पहारेकऱ्याने मध्यरात्री देऊळ बंद करण्यासारखे आहे. गंजिफांतील रात्र बाहेरून घातलेली नव्हती. ती खेळाच्या आत होती.

म्हणून माझे मागणे न्यायालयापुढे नसून कर्त्यांपुढे आहे, आणि ते टीकाकाराचे मागणे आहे. सामना संपला म्हणजे संपू द्यावा. डूख पुढच्या डावात नेऊ नये. न आलेल्या दिवसाची शिक्षा असू नये. एकादशीस जो खेळला नाही, त्याचे द्वादशीस काही वजा होऊ नये. प्रतिस्पर्धी माणूस नसून यंत्र असेल तर तसे सांगावे. भिडूस परत आणावे: मागे राहिलेल्या भिडूसाठी पुढे गेलेल्याने थांबावे आणि थांबण्यात त्याचा लाभ असावा, असा नियम आमच्या पाटावर होता, तो फोनवर अशक्य नाही. आणि ज्या दिवशी कंपनी सर्व्हर बंद करील, त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या हाती काहीतरी उरावे. जुना सारीपाट माळ्यावर पडून राहतो, पण राहतो. बंद पडलेल्या ऑनलाइन खेळाची सोंगटीही मागे उरत नाही.

यावर तो तरुण म्हणाला होता, "असा खेळ मी करीन, काका. पण त्याला भांडवल कोण देईल?" या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नाही. एवढे मात्र खरे, की जोवर आपण अशा खेळांविषयी केवळ तक्रार करू, तोवर चांगल्या खेळास वाईटापासून वेगळे करणारा ग्राहकच निर्माण होणार नाही. 'चांगला खेळ' हे शब्द ज्या समाजात कोणी उच्चारीत नाही, त्या समाजासाठी चांगला खेळ कोणी करीत नाही.

बुऱ्हाणपुराहून सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड आहे. गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा अजून पहाटे फूल वाहून जातो, अशी आमच्याकडील लोकांची श्रद्धा आहे. लहानपणी ही कथा ऐकताना त्याच्या अमरत्वाचा हेवा वाटे. आता वाटत नाही. युद्ध संपले होते, सर्व परतले होते. डूख धरून तो मात्र रात्रीच्या अंधारात पुन्हा शिबिरात शिरला, आणि त्याच्या वाट्यास जे आले ते मरण नव्हते; कधीही न उतरणे हे त्याचे प्रायश्चित्त होते. ओट्यावरच्या त्या चार मुलांना रात्री कोणीतरी, शक्य तर त्यांच्या खेळानेच, म्हणावे: दिवेलागण केव्हाच होऊन गेली, आता उठू या.